फडात कोयता लागला, दवाखान्याचं बिल कुणी भरायचं?

निंबोणी

धागा 'शेती'त टाकावा की 'कायदा' विभागात, ठरत नव्हतं. शेवटी इथे टाकतेय. संपादकांना हलवायचा असेल तर हलवा.

सांगली जिल्ह्यात आमचा अडीच एकर ऊस आहे. आईबाबा गावी, मी पुण्यात. मागच्या आठवड्यात आमच्या फडात (उसाच्या शेतात) तोड चालू असताना तोडणीच्या टोळीतल्या एका बाईच्या डाव्या पायावर कोयता बसला. ऊस डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हाताने बुडात घाव घालायचा, त्यामुळे पुढे असतो तो डावा पायच. पहाटेची वेळ, पाचट दवाने ओलं. घाव उसावरून सटकला आणि घोट्याच्या वर खोल गेला. बाबांनीच गाडी काढून तालुक्याला नेलं. शीर तुटली होती, ऑपरेशन झालं. बिल चाळीस हजारांच्या आसपास. डॉक्टर म्हणतात निदान दीड महिना पाय टेकायचा नाही.

आता बिलाचं बोलणं सुरू झालं. टोळीचा मुकादम म्हणतो, मी भरतो आणि त्यांच्या उचलीत (आगाऊ दिलेल्या पैशांत) टाकतो. म्हणजे नवराबायकोच्या अंगावर आणखी चाळीस हजारांचं कर्ज. ट्रॅक्टरमालक म्हणतो, मी मुकादमाला पैसे दिलेत, बाईला नाही. कारखान्याचा चिटबॉय (फडावर देखरेख ठेवणारा माणूस) म्हणतो, ती आमची कामगार नाही. आणि वस्तीवरच्या काही जणांचं म्हणणं, शेत तुमचं, तुम्हीच द्या.

भावनिक उत्तरं नकोत. मदत आम्ही आमच्या परीने केली आहे. कायद्याने हे बिल कोणाचं, एवढंच विचारायचं आहे.

सातबारा

ताई, तुमच्या बाबांनी गाडी काढली हे चांगलं केलं. पण 'शेत तुमचं, तुम्ही द्या' म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा. तोडणी-वाहतूक खर्च कारखाना आमच्याच एफआरपीतून (उसाच्या सरकारी किमान भावातून) कापून घेतो. म्हणजे तोडीचे पैसे शेतकऱ्याने आधीच दिलेले असतात. वर टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे द्या, ड्रायव्हरला एंट्रीचे द्या, सकाळचा चहा-नाष्टा बघा. खुशाली दिली नाही तर टोळी दुसऱ्या फडात जाते आणि तुमचा ऊस तुऱ्यावर येऊन वाळत बसतो. आता दवाखानाही आमच्याच गळ्यात?

चिंचपेटी

खुशालीची बातमी दर हंगामात पेपरात येते, कारखाना 'तक्रार करा' म्हणून नंबर छापतो, आणि पुढच्या वर्षी दर पाचशेने वाढलेला असतो.

निवृत्त_शेतकी

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागात नोकरी केली, आता घरी असतो. वरची मंडळी एकमेकांकडे बोट का दाखवतात, ते आधी सांगतो.

कारखाना मजुरांशी थेट करार करत नाही. बहुतेक ठिकाणी तोडणी-वाहतुकीसाठी वेगळी संस्था असते. संस्थेचा करार ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या मालकाशी होतो. हंगामाआधी, पावसाळ्यातच, त्याला अॅडव्हान्स मिळतो. तो त्यात स्वतःचे किंवा बँकेचे पैसे घालून मुकादमाला देतो. मुकादम बीड, नगर, जालना, धाराशिव, परभणीकडे जाऊन नवराबायकोच्या जोडीला उचल देतो. जोडीला एक कोयता म्हणतात. उचल आज पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत जाते. गाडीसेंटरची बैलगाडी किंवा टायरगाडी असेल तर मधला वाहनमालक नसतो, मुकादम आणि गाडीवान एवढेच.

बिल उलट्या वाटेने येतं. टन मोजले की पंधरवड्याला कारखाना संस्थेला, संस्था वाहनमालकाला, तो मुकादमाला. मुकादमाला मजुरीवर कमिशन असतं, २०२४च्या जानेवारीतल्या करारात ते १९ टक्क्यांवरून २० केलं. त्याच करारात तोडीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, म्हणजे ३४ टक्के वाढ. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात तो तोडगा निघाला होता.

कारखान्याच्या वहीत मजुराचं नाव कुठेच नसतं. असते ती फक्त वाहनमालकाची नोंद. त्यामुळे चिटबॉय 'आमची कामगार नाही' म्हणाला, ते त्याच्यापुरतं खोटं नाही.

काळा_डगला

निवृत्त_शेतकी, तुम्ही साखळी अगदी नीट मांडली, आणि तुमच्याच अनुभवातून मला आणखी काही हवंय. टोळीने आज कोणत्या फडात शिरायचं हे कोण ठरवतं?

निवृत्त_शेतकी

शेती विभाग. लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणी कार्यक्रम लागतो.

काळा_डगला

ऊस बुडापासून तोडला नाही, वाढं (उसाचा शेंडा) नीट छाटलं नाही, पाचट गेलं, तर कोण अडवतं?

निवृत्त_शेतकी

चिटबॉय, नाहीतर आमचा अॅग्री ओव्हरसियर. वजनाला कपातही लागते. तुम्ही कुठे चालला आहात ते कळलं :)

काळा_डगला

तिकडेच. (मी कामगार न्यायालयात वकिली करतो, पण इथे लिहितो तो सल्ला समजू नये, गप्पा समजाव्यात.)

मालक कोण, हा प्रश्न न्यायालयापुढे नवा नाही. १९७८ साली हुसेनभाई खटल्यात केरळमधल्या दोरखंडाच्या कारखान्याच्या मालकाने हेच म्हटलं होतं, की ही माणसं ठेकेदाराची, माझी नाहीत. न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं की कामगाराच्या श्रमातून निघणारा माल ज्याच्या धंद्यासाठी आहे आणि ज्याच्या हातात त्यांच्या पोटापाण्याची दोरी आहे, तोच खरा मालक. मधे ठेकेदार उभा केला म्हणून ते बदलत नाही. ऊसतोडीला हे चपखल लागू पडतं. फड कारखाना ठरवतो, दिवस कारखाना ठरवतो, दर कारखान्यांच्या संघाशी होणाऱ्या करारात ठरतो, माल कारखान्याचा.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी फक्त सोयीचं सांगतोय असं होईल. २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने सांगितलं की ठेका पद्धत बंद केली म्हणून ठेका कामगार आपोआप मुख्य मालकाचा कायम कामगार होत नाही. ठेका नुसता नावापुरता होता, हे कामगारालाच सिद्ध करावं लागतं. त्यामुळे 'ऊसतोड मजुरांना कारखान्यात कायम करा' ही मागणी कोर्टात टिकवणं फार जड.

पण निंबोणी यांचा प्रश्न कायम करण्याचा नाहीच. प्रश्न नुकसानभरपाईचा आहे, आणि तिथे कायदा जास्त सढळ आहे. १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कलम १२ होतं: तुमच्या धंद्याचा भाग असलेलं काम तुम्ही ठेकेदाराकडून करून घेतलंत, तरी अपघाताची भरपाई तुम्हीच द्यायची आणि मग हवी तर ठेकेदाराकडून वसूल करायची. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, तीन दिवसांवर काम बुडालं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण निम्मी मजुरी, द्यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण गाभा तोच राहिला. दावा दोन वर्षांच्या आत करायचा.

सातबारा

मग ऊस काय कारखान्याच्या आवारात तोडतात का? शेत माझं. वकील काय म्हणेल कारखान्याचा?

काळा_डगला

हाच बचाव येईल. मुख्य मालकाची जबाबदारी त्याच्या आवारातल्या किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेवरच्या अपघाताला लागते. आपलं उत्तर असं, की तोडणी आदेश निघाल्यापासून त्या फडातला ऊस कोणी, कधी आणि कसा तोडायचा हे कारखान्याच्याच हाती असतं. दुसरा वाद कायद्याच्या परिशिष्टातल्या कामांच्या यादीवरून होईल, शेतकामाची नोंद तिथे तुटपुंजी आहे. सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण 'कायद्यात काहीच नाही' हे जे सर्रास ऐकवलं जातं, तसं नाही.

जोडट्रॉली

सगळे कारखान्यावर नाहीतर मजुरावर बोलायलाय. ट्रॅक्टरवाल्याचं कोण बोलणार? मी दोन वर्षांमागं एका मुकादमाला बारा कोयत्याचे पैसे दिले. स्टॅम्पावर लिहून, चेक घेऊन. दसऱ्याला गाडी घेऊन गावात गेलो तर मुकादम गायब, पाच कोयतेच निघाले. बाकीच्यांनी कर्नाटकातल्या कारखान्याची उचल पण घेतलेली. बँकेचा हप्ता मी अजून भरतोय. पोलिसात गेलो तर म्हणाले दिवाणी मामला आहे. लोक मजुरांना वेठबिगार वेठबिगार म्हणत्यात, हितं बिगारी आमची झालीया.

आणि सगळ्यांना सांगतो, ह्या एकट्या माझ्या गावात अशी आठ-दहा लोकं आहेत.

तिसरा_मजला

थोडक्यात, मजूर पैसे घेऊन पळतात. मग उचल द्यायचीच कशाला? हंगाम झाल्यावर पगार द्या, संपला विषय.

बालाघाट

तिसरा_मजला, हंगाम झाल्यावर पगार द्या म्हणताय, तर पावसाळ्याचे चार महिने खायचं काय ते पण सांगा.

माझे आईवडील तीस वर्षं कोयत्यावर गेले. मी शाळेत शिकवतो, म्हणून दिवाळीनंतर वर्ग अर्धा होताना दरवर्षी बघतो. उचल कशात जाते ते सांगतो. पोरीचं लग्न, म्हाताऱ्याचं ऑपरेशन, मागच्या वर्षीची बाकी, बियाणं. पैसे हातात येतात जुलै-ऑगस्टमध्ये आणि दसऱ्यापर्यंत संपलेले असतात. मग गाडी येते.

आता हिशेब करा. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो. ३६६ नं ७३२ रुपये, दोन माणसांचे. माणशी ३६६. त्यासाठी पहाटे तीन-चारला उठून फडात, ऊस तोडायचा, साळायचा (पाला काढायचा), मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. ट्रॉली रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती, दिवसाउजेडी आणि आपल्या गावात. किती फरक आहे तुम्हीच बघा.

लाखाची उचल फेडायला २७३ टन लागतात. म्हणजे एकही दिवस न चुकता साडेचार महिने. त्यातून दर आठवड्याला खर्ची घ्यावी लागते, पीठ-मीठ, मोबाईल, पोराचा ताप. ती पण वजा. एका माणसाने सुट्टी घेतली की खाडा, पाचशे रुपये कट. आणि हंगाम काही साडेचार महिने चालत नाही. २०२४-२५ ला कारखाने नोव्हेंबरात निवडणुकीमुळे उशिरा पेटले आणि कितीतरी मार्चमध्ये विझले. मजुराने अंग मोडून काम केलं तरी उचल फिटणार नाही, अशीच बांधणी आहे. बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे.

जोडट्रॉली, तुमचं दुःख खोटं म्हणत नाही. दोन ठिकाणची उचल घेणारे आमच्याकडे आहेत, मी नावं जाणतो. पण तुमचे पैसे बुडवले मुकादमाने. तुमच्या बारा कोयत्यांपैकी किती जणांना तुम्ही स्वतः पैसे दिले होते?

जोडट्रॉली

एकालापण न्हाई. मुकादम देऊ देत नाही.

निवृत्त_शेतकी

हे खरं आहे. वाहनमालकाने मजुरांच्या खात्यावर थेट पैसे टाकतो म्हटलं तर मुकादम टोळीच देत नाही.

संपादक

या धाग्यातले तीन प्रतिसाद काढले आहेत. एका समाजाविषयी सरसकट शेरे होते. कारखान्यांची नावं घेऊन आरोपही करू नयेत. चर्चा चांगली चालली आहे, चालू राहू द्या.

ऊर्ध्वश्रेणी

मला एक कळत नाही. २०२६ मध्ये माणसं हाताने ऊस का तोडतात? हार्वेस्टर आणा. सरकार ४० टक्के अनुदान देतंच आहे, कमाल ३५ लाखांपर्यंत. यंत्राला कोयता लागत नाही, पायही कापत नाही. दहा वर्षांत हा सगळा प्रश्न संपेल.

सातबारा

माझं वीस गुंठ्याचं वावर आहे ओढ्याकाठी. वाट बैलगाडीपुरती. या तुमचं यंत्र घेऊन.

बालाघाट

संपेल म्हणजे काय होईल? फड संपेल. माणसं कुठे जातील, ते त्या अनुदानाच्या कागदावर लिहिलेलं नाही.

तापीकाठ

मी नंदुरबारचा. आमच्याकडची माणसं पश्चिम महाराष्ट्रात कमी, सुरत-बारडोली भागातल्या साखर कारखान्यांना जास्त जातात. तिथली एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. गुजरातमध्ये ऊसतोडीचा दर सरकार किमान वेतनाच्या अधिसूचनेने काढतं. २०२३च्या सुरुवातीला तो टनाला २३८ वरून ४७६ केला, एकदम दुप्पट. आपल्याकडे तो दर संघटना आणि साखर संघ यांच्यात बैठका, संप, लवाद होऊन ठरतो. म्हणजे आपल्याकडचा ३६६ हा कराराचा दर आहे. अधिसूचना मोडली तर तो गुन्हा होतो. करार मोडला तर मजुराने जायचं कुठे?

तिकडे सगळं गोड आहे असं नाही. मुक्काम पडावावर ताडपत्रीखाली, आणि उचलीवर व्याज लावतात. पण दराचा मुद्दा महत्त्वाचा वाटला.

काळा_डगला

तापीकाठ, फार मोलाची माहिती. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या २३व्या कलमाखालची सक्तीची मजुरी. भूक हीसुद्धा सक्ती आहे, हे त्या निकालाचं सार. म्हणून किमान वेतन किती, हे सरकारच्या कागदावर असणं फार मोठी गोष्ट आहे.

त्याला जोडून १९७६चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा बघा. श्रमसंहितांनी २९ कायदे गिळले, हा वाचला. यात वेठबिगारीसाठी साखळदंड लागत नाही. अॅडव्हान्स दिला आणि त्याच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करायचं, हिंडण्या-फिरण्याचं स्वातंत्र्य गेलं, किंवा किमान वेतनाहून कमी मजुरी दिली, तर ती वेठबिगारी. ते कर्ज कायद्याने रद्द होतं. आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार उचल देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करायचा. सुटका झाल्याचा दाखला मिळाला तर केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्रियांना आणि मुलांना २ लाखांपर्यंत पुनर्वसनाची मदत आहे, मात्र मोठा हिस्सा गुन्हा शाबीत झाल्यावरच.

निंबोणी, तुमच्या प्रकरणात लगेच हे हत्यार काढा असं म्हणत नाही. पण दवाखान्याचं बिल उचलीत चढवलं, आणि ते फिटेपर्यंत नवऱ्याने हलायचं नाही असं मुकादमाने सांगितलं, तर विषय या कायद्यात शिरतो. मुकादमाला हे शांतपणे ऐकवलं तरी पुष्कळदा भाषा बदलते.

जोडट्रॉली

म्हणजे मी दिलेले पैसे कायद्याने रद्द आणि वर मलाच तुरुंग. वा रे कायदा.

काळा_डगला

तुमचा करार मुकादमाशी आहे, तो त्याने मोडला तर तुमची वसुली त्याच्याकडून. मजुराचं मनगट धरून वसुली करायला कायदा नाही म्हणतो, एवढंच. तुम्ही खरं तर विचारायला हवं की पाऊसपाण्यात कारखान्याची माणसं गोळा करायचा धोका तुमच्या सातबाऱ्यावर का टाकला.

भिंगरी_

एक बाजूचा प्रश्न. बीडचा माणूस सांगलीला आला तर तो 'स्थलांतरित कामगार' धरत नाहीत का? त्यांच्यासाठी वेगळा कायदा होता ना?

काळा_डगला

होता १९७९चा, आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. पण तो आंतरराज्य स्थलांतरितांसाठी. आष्टी-पाटोद्याचं जोडपं कर्नाटकातल्या निपाणीकडे गेलं तर प्रवासभत्ता वगैरे लागू, त्याच अंतरावर कोल्हापूरला थांबलं तर नाही.

भिंगरी_

अरे देवा.

फडावरची

इतके पुरुष इतके आकडे मांडतायत, आणि धागा एका बाईच्या पायाचा आहे, म्हणून लिहिते. मी बीड जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे.

त्या बाईचं नाव कुठल्याही कागदावर नसणार. उचल घेतली ती नवऱ्याने, अंगठा किंवा सही त्याची, खर्ची त्याच्या हातात. काम दोघांचं, खातं एकाचं. अपघात तिला झाला की ती कामगार होती याचाच पुरावा शोधत बसायचं. निंबोणी, तुम्हाला पहिला अडथळा हाच येईल.

दुसरं. दीड महिना पाय टेकायचा नाही म्हणजे ती कोपीवर पडून राहणार. ताडपत्री नाहीतर पाचटाची कोपी, आत वाकूनच जावं लागतं. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. टाके पडलेला पाय घेऊन ती उसात कशी जाणार? आमच्याकडच्या बायकांच्या दुखण्यांची सुरुवात इथूनच होते. पाळीत दिवसभर फडात, कपडा बदलायला आडोसा नाही, अंगावरून जातं, खाडा परवडत नाही म्हणून गोळ्या, मग गावी आल्यावर खासगी दवाखाना आणि 'पिशवी काढून टाका'. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. ऑपरेशनचा खर्चही उचलीतूनच होतो, त्यामुळे तो फेडायला तीच बाई पुन्हा मोळी उचलते.

तिला गावी पाठवता येत असेल तर पाठवा. पण मुकादम सोडेल का, कोयता 'अर्धा' झाला म्हणून नवऱ्याचा दर कापेल का, ते आधी विचारा.

निवृत्त_शेतकी

फडावरची यांच्या प्रतिसादानंतर माझ्या जुन्या नोकरीतली एक गोष्ट लिहावीशी वाटते. कारखान्याच्या गेटच्या आत जो हंगामी कामगार असतो, बॉयलरवर, पॅनवर, गव्हाणीवर, त्याला कारखाना बंद असतानाही रिटेन्शन मिळतो, म्हणजे पगाराचा काही हिस्सा, पुढच्या हंगामाला त्याने परत यावं म्हणून. पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, युनियन आहे. गेटच्या बाहेर तोच हंगाम, त्याच उसावर राबणारा माणूस, आणि त्याने परत यावं म्हणून त्याला मिळते उचल. पुढच्या हंगामाला माणूस हवा ही गरज दोन्हीकडे सारखीच. आतल्याला ती पगार म्हणून मिळते, बाहेरच्याला कर्ज म्हणून.

नोकरीत असताना आम्ही हे बोलायचो नाही. दर टनामागे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी दहा रुपये द्यायचे ठरले तेव्हा कारखानदारांनी केवढा आरडाओरडा केला होता, तो मात्र आठवतो.

तिसरा_मजला

महामंडळ आहे ना मग? ओळखपत्रं दिली ना ग्रामसेवकांनी? मग अपघाताचं त्यांच्याकडून घ्या.

बालाघाट

ओळखपत्र गावात, माणूस फडात. वसतिगृहं काढली, चांगलं केलं, माझ्या वर्गातली काही पोरं त्यामुळे टिकली. पण महामंडळाने मदत देणं आणि मालकाने भरपाई देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मदत मिळाली म्हणून मालकाची सुटका का व्हावी?

निंबोणी

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. काय झालं ते सांगते.

बाबा मुकादमाशी बोलले. बिल उचलीत चढवणं बेकायदा ठरू शकतं, असं वकिलांनी सांगितलंय म्हणाले. आधी चिडला, 'मग तुमचे वकील भरतील' म्हणाला. संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, सध्या लिहीत नाही, नंतर बघू. संस्थेच्या ऑफिसात टोळीची यादी मागितली. त्यात बारा नावं आहेत, बारा पुरुष. फडावरची, तुम्ही म्हणालात तसंच. बाईंचं नाव नाही.

कारखान्याच्या शेती विभागात अर्ज दिला तर घेतला नाही. आवक-जावक साहेब रजेवर आहेत म्हणे.

काळा_डगला

रजेवर असू दे. रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, एक प्रत कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना, एक संस्थेला, एक वाहनमालकाला, एक मुकादमाला. चौघांनाही. कोणाला सोडलंत तर उरलेले तिघे त्याच्याकडे बोट दाखवतील. अर्ज बाईच्या नावाने, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने, तुमच्या नावाने नको. त्यात तारीख, वेळ, गट नंबर, कोणत्या वाहनावरची टोळी, आणि अपघाताची हकीकत. रक्कम लिहायची घाई करू नका, 'उपचाराचा संपूर्ण खर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई' पुरे.

नाव यादीत नसलं तरी ती कामगार होती हे दुसऱ्या कागदांवरून उभं राहतं. दवाखान्याच्या केसपेपरवर 'ऊस तोडताना कोयता लागून' असं लिहिलंय का बघा. तुमच्या बाबांचा जबाब, प्रतिज्ञापत्र करून ठेवा. तोडणी आदेश तुमच्या गटाचाच आहे, त्याची प्रत तुमच्याकडे हवी. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, त्या दिवशीच्या वजनाच्या पावत्या. टोळी, वाहन, गट आणि कारखाना हे चारही त्या एका कागदावर येतात. तुमच्या उसाची पावती तुम्हाला मिळते, पण ती टोळी आधीचे आठ-पंधरा दिवस कुठे होती हे दाखवायला वाहनमालकाच्या पावत्या लागतील. त्या तो देईल असं वाटत नाही.

निंबोणी

केसपेपरवर 'ऊसतोड करताना' असं आहे. पाहिलं आत्ता. पावत्यांचं विचारते ट्रॅक्टरवाल्याला, पण तो आधीच फटकून आहे.

जोडट्रॉली

ताई, एक सांगू का. तुमचा ट्रॅक्टरवाला घाबरलाय. त्याला वाटतंय नोटीस आली म्हणजे चाळीस हजार त्याच्या बोडक्यावर. त्याला नीट सांगा, की कारखाना मुख्य मालक ठरला तर त्याचा पण फायदा हाय. उद्या मुकादम पळाला तर तो बी कारखान्याला विचारू शकतो, माणसं कुणासाठी गोळा करत होतो म्हणून.

पावत्या त्याच्याकडं असणारच. पंधरवड्याच्या बिलाला जोडाव्या लागतात, झेरॉक्स सगळेच ठेवतो आम्ही. नसेल देत तर संस्थेत बिलाच्या पानावर गाडी नंबरसकट सगळं असतं. क्लार्कला 'अमुक गाडीचा पंधरवडा उतारा' म्हणून मागा, अर्ज करून. तोंडी मागितला तर देत नाहीत.

काळा_डगला

जोडट्रॉली, हे मला माहीत नव्हतं. असा उतारा मिळाला तर काम निम्मं झालं.

फडावरची

आणि ती बाई आत्ता आहे कुठे?

निंबोणी

आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. तिची सासू गावाहून आलीय, ती आता कोयत्यावर जाते नवऱ्याबरोबर. वय साठीच्या पुढे असेल. मुकादमाला कोयता पूर्ण हवा होता.

उतारा मागायचा अर्ज आज रात्री लिहिते. काळा_डगला, मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवला तर नजर टाकाल का?

काळा_डगला

पाठवा. आणि सासूबाईंचं नाव, कामावर आल्याची तारीख वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, मुकादमाची सही मिळाली तर उत्तम. त्याही आता त्याच यादीबाहेर आहेत.